खाऱ्या पाण्याचा पूल: क्लोरीनेटर ‘मीठ कमी’ दाखवतोय आणि पाण्यात क्लोरीन शून्य (नागपूर)

बेसाकर

नमस्कार मंडळी,

बेसा भागात आम्ही तयार बंगला घेतला, मार्चमध्ये ताबा मिळाला. मागच्या अंगणात पोहण्याचा पूल आहे. लांबी ८ मीटर, रुंदी ४, खोली सरासरी १.४. आधीच्या मालकांनी त्याला मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन बनवणारा क्लोरीनेटर बसवून घेतला होता. विक्रीच्या आधी त्यांनी पूल रिकामा करून रंगवला आणि बोअरच्या पाण्याने पुन्हा भरला. मशीनची माहितीपुस्तिका मिळाली, पण त्यातली अर्धी पानं गायब आहेत.

गेल्या आठवड्यापासून पॅनलवर ‘मीठ कमी’चा लाल दिवा लागतो. आकडा २३०० पीपीएम दाखवतो, पुस्तिकेत २७०० ते ३४०० हवं असं लिहिलंय. भिंतीला हात लावला तर बुळबुळीत लागतं, कोपऱ्यात हिरवट झाक दिसते. पट्टी बुडवली तर क्लोरीनचा चौकोन पांढराच राहतो. पंप दिवसाला ४ तास चालतो. मशीनवर ‘२० ग्रॅम प्रति तास’ असं लिहिलंय आणि ते ५० टक्क्यांवर ठेवलेलं आहे. पॅनल पश्चिमेच्या भिंतीवर आहे.

देखभालीला येणारा माणूस म्हणतो, ५० किलोच्या दोन गोण्या मीठ टाका, दिवा जाईल. टाकू का? सुट्ट्यांत बहिणीची मुलं येणार आहेत, त्याआधी पाणी पोहण्यासारखं व्हायला हवं.

खडेमीठ

बेसाकर, मीठ अजिबात टाकू नका. निदान मोजल्याशिवाय तरी नाही. टाकलेलं मीठ पाण्यातून काढता येत नाही. त्याला एकच उपाय, पाणी उपसा आणि नवीन भरा. मे महिन्यात नागपुरात ते कोणालाच परवडणारं नाही.

तुमच्या मापाने पुलात साधारण ४५,००० लिटर पाणी आहे. एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम. दोन गोण्या, म्हणजे १०० किलो टाकले तर पातळी एकदम २,२०० पीपीएमने वर जाईल. पॅनलचा आकडा खोटा असेल आणि मीठ आत्ताच ३,४०० च्या जवळ असेल तर तुम्ही साडेपाच हजारांच्या पुढे जाल आणि मशीन ‘मीठ जास्त’ म्हणून बंद पडेल.

आता पॅनल मीठ कसं मोजतं ते पाहा. ते मीठ मोजतच नाही. क्लोरीनेटरमधल्या धातूच्या प्लेटांमधून किती करंट वाहतो त्यावरून ते अंदाज बांधतं. प्लेटांवर थर बसला, पाणी गार असलं किंवा प्लेटांचा मुलामा झिजला, तरी करंट कमी होतो आणि दिवा ‘मीठ कमी’चाच लागतो. रोग तीन, दिवा एकच.

मिठाची वेगळी पट्टी मिळते, ऑनलाइन मागवा. तोवर आरओवाल्याकडचं टीडीएस पेन आणून बघा. त्यात मिठाबरोबर बोअरचे बाकी क्षारही मोजले जातात, त्यामुळे आकडा नेमका नसतो, पण २,३०० आणि ४,००० यातला फरक नक्की कळेल. सोबत पीएच, अल्कलिनिटी (पाण्याचा क्षारधर्म), हार्डनेस (कठीणपणा) आणि सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून जपणारं रसायन) या चारही गोष्टी थेंबांच्या किटने मोजून इथे टाका. पट्टीवर विसंबू नका.

तारवाला

भाऊ, मिठाचं नंतर पाहू, पहिले त्या डब्याकडे पाहा. पश्चिमेची भिंत म्हणजे दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन. आपल्या नागपूरले २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते, थे तर सावलीतलं तापमान. बंद डब्याच्या आत काय होत असेल ते तुम्हीच समजा. पॅनल गरम झालं की बरीच मशीनं आपोआप उत्पादन कमी करतात, नाही तर बंदच पडतात. वर पत्र्याची सावली करा, भिंतीपासून थोडं सुटं ठेवा, हवा खेळली पाहिजे.

मेन स्विच पाडून झाकण उघडा. आत पाल, मुंग्या, जळल्याचा काळा डाग दिसते का ते पाहा. मी दुरुस्तीले जातो तिथं पॅनलमध्ये पाल चिकटून कार्ड गेलेलं असणं काही नवीन नाही. प्लेटांच्या केबलचे लग (टोकाचे जोड) घट्ट आहेत का, हिरवे पडले का, तेही पाहा. मीठ असलं की तांबं लवकर खाल्लं जाते.

आणि पाणी वाहते का हे ओळखणाऱ्या फ्लो स्विचची वायर नीट पाहा. फोटो टाका.

धरमपेठची_रसायनवाली

खडेमीठ यांच्याशी सहमत. आत काय घडतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढची दुरुस्ती डोळसपणे करता येईल.

सेलमध्ये, म्हणजे क्लोरीनेटरच्या ज्या भागातून पाणी जातं त्यात, टायटॅनियमच्या प्लेटा असतात, त्यांच्यावर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ मुलामा असतो. मिठाच्या पाण्यातून डीसी करंट गेला की एका प्लेटवर क्लोराइडचा क्लोरीन होतो, तो पाण्यात विरघळून हायपोक्लोरस ॲसिड बनतं आणि तेच जंतू मारतं. दुसऱ्या प्लेटवर हायड्रोजन वायू सुटतो आणि पाणी अल्कधर्मी होतं. क्लोरीन आपलं काम करून किंवा उन्हाने मोडून पुन्हा क्लोराइड होतो, म्हणजे मीठ परत मिळतं. म्हणूनच मीठ ‘संपत’ नाही. ते जातं फक्त गळतीतून, फिल्टरच्या बॅकवॉशमधून (उलटं पाणी सोडून फिल्टर धुताना) किंवा पूल भरून वाहिला तर. बाष्पीभवनात नुसतं पाणी उडतं.

ज्या प्लेटवर हायड्रोजन सुटतो तिथे पीएच खूप चढतो, आणि पाण्यातलं कॅल्शियम तिथेच कार्बोनेट होऊन बसतं. बोअरचं पाणी असलेल्या घरात उन्हाळाअखेर कुलरच्या जाळीवर जो पांढरा कडक थर चढतो, तोच हा. मशीन दर काही तासांनी प्लेटांचे ध्रुव उलटे करून तो थर झटकायचा प्रयत्न करतं, पण पाण्याचा कठीणपणा आणि पीएच दोन्ही जास्त असतील तर ते पुरत नाही.

प्लेटा काढून उजेडात धरून पाहा आणि फोटो टाका.

बेसाकर

सगळ्यांचे आभार. किट आलं, सगळं मोजलं.

मिठाच्या पट्टीवर ३,५०० पीपीएम. पॅनल अजूनही २,३०० म्हणतंय.
पीएच ८.३, अल्कलिनिटी १९०.
पुलाच्या पाण्याचा हार्डनेस ६२०, बोअरचा ४८०.
सायन्युरिक ॲसिडच्या नळीत पाणी काठोकाठ भरलं तरी तळाचा काळा ठिपका स्वच्छ दिसत राहिला, म्हणजे जवळपास शून्य समजायचं ना?

सेल काढला. प्लेटांमधल्या फटी दिसतच नाहीत, पांढऱ्या खडबडीत पापुद्र्यांनी भरून गेल्यात. नखाने खरवडलं तर चुन्यासारखी पूड निघते.

तारवाला भाऊ, तुम्ही म्हणालात तसं फ्लो स्विचकडे पाहिलं. पाइपवरच्या स्विचपासून येणारी वायर कापलेली आहे आणि पॅनलच्या आत दोन टोकं एका निळ्या तुकड्याने जोडून वर टेप गुंडाळलाय. देखभालीच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, स्विच खराब होता, सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून डायरेक्ट केलं. असं चालतं का?

तारवाला

नाही चालत भाऊ. आत्ताच्या आत्ता मशीन बंद करा आणि नवीन फ्लो स्विच बसेपर्यंत सुरू करू नका. पंप चालवा, काही हरकत नाही, पण क्लोरीनेटरची एमसीबी पाडून ठेवा.

फ्लो स्विचचं काम एवढंच, पाणी वाहत नसेल तर प्लेटांचा करंट तोडायचा. तो डायरेक्ट केला आणि कधी पंप बंद पडला, वॉल्व्ह बंद राहिला, नाही तर पंपाने हवा धरली, तरी प्लेटा काम करतच राहतात. वर मॅडमनी लिहिलंय, तिथे हायड्रोजन सुटते. पाणी वाहत असलं की थो निघून जाते, नसलं की बंद डब्यात साठते. असे सेल फुटल्याच्या घटना झाल्या आहेत. घरात लहान मुलं येणार म्हणता, मी तर म्हणतो हे सगळ्यात आधी करा, हिरवं पाणी नंतर.

स्विच सारखा ट्रिप होत होता त्याचं कारणही शोधा. बहुतेक वेळा फिल्टर तुंबलेला असते, नाही तर स्विचवरचा बाण पाण्याच्या उलट दिशेनं बसवलेला असते. स्विच बिचारा खरंच सांगून राहिला होता.

पंप, पॅनल आणि पुलातले दिवे ३० मिलीॲम्पच्या आरसीसीबीवर (करंट गळाला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) आहेत का तेही तपासा. नसतील तर बसवून घ्या. खाऱ्या पाण्यातून करंट सहज वाहते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी टाकून रेझिस्टन्स मोजून घ्या.

मनीषनगर_४४

मी वेगळं सांगतो. मशीन बंद ठेवा आणि क्लोरीनच्या गोळ्या टाका. आमच्या सोसायटीच्या पुलाला वर्षानुवर्षं गोळ्याच वापरतो. एवढी भानगड कशाला?

खडेमीठ

मनीषनगर यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. या पुलाच्या बाबतीत पुढचे काही आठवडे तोच चांगला उपाय आहे. ट्रायक्लोर प्रकारच्या क्लोरीन गोळ्यांनी क्लोरीन १० पीपीएम वाढतो तेव्हा सायन्युरिक ॲसिड साधारण ६ पीपीएम वाढतं. बेसाकरांच्या पाण्यात ते शून्य आहे, त्यामुळे फायदाच. गोळी आम्लधर्मी असते, पीएच ८.३ असताना तेही बरंच.

पण हे कायमचं करू नका. सायन्युरिक ॲसिड उडत नाही, साठत जातं. शंभराच्या पुढे गेलं की क्लोरीन असूनही शेवाळ मरत नाही आणि पाणी बदलावं लागतं.

दोन गोष्टी मात्र पाळा. गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवा, स्किमरमध्ये (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या कडेच्या खाचेत) नको. पंप बंद असताना तिथलं तीव्र आम्लधर्मी पाणी पाइपात आणि सेलमध्ये बसून राहतं. आणि गोळ्यांचा डबा, ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड हे तिन्ही एका खोलीत ठेवू नका. एकच मग तिन्हीला वापरू नका. ट्रायक्लोर आणि ब्लीचिंग पावडर ओलसर अवस्थेत एकत्र आली तर आग लागते, ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.

आता सेल. बाजारात मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड, आधी एक भाग ॲसिड आणि दहा भाग पाणी असं सौम्य करून पाहा. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलट कधीच नाही. मोकळ्यावर करा, चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, वारा पाठीवर येईल असे उभे राहा. सेलचं एक तोंड बंद करून द्रावण आत ओता, केबलच्या टोकाला थेंबही लागू देऊ नका. फसफस सुरू होईल. फसफस थांबली की काम झालं, द्रावण परत बादलीत ओता. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. थर राहिलाच तर एकास चार करून पुन्हा एकदा. स्क्रूड्रायव्हर, तारेचा ब्रश, चाकू यांपैकी काही आत घालायचं नाही. एक ओरखडा गेला की मुलामा गेला, आणि सगळी किंमत त्या मुलाम्याचीच असते. ॲसिडने दर महिन्याला धुणंही तितकंच वाईट, त्यानेही मुलामा पातळ होतो.

उरलेल्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकून फसफस थांबेपर्यंत निष्प्रभ करा, मगच नालीत सोडा.

बेसाकर

नवीन फ्लो स्विच बसला, पॅनलवर पत्रा टाकला, आरसीसीबी बसवून घेतली. फिल्टरची वाळू खरंच गच्च झाली होती, प्रेशर गेज बॅकवॉशनंतर बरंच खाली आलं.

सेल धुतला. पहिल्या मिनिटाला एवढा फेस आला की काठावरून ओतला. प्लेटा आता काळपट राखाडी, सपाट दिसतात, आरपार उजेड दिसतो. बसवून पंप सुरू केल्यावर पॅनल ३,४०० दाखवतंय! लाल दिवा गेला. एक दाणाही मीठ टाकलं नाही.

पण क्लोरीन अजून टिकत नाही. सकाळी पट्टीवर १ दिसतो, संध्याकाळी शून्य. सेल खराब असेल का?

खडेमीठ

सेल ठीक आहे. हिशेब करून पाहा.

२० ग्रॅमचं मशीन, ५० टक्क्यांवर, ४ तास म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम क्लोरीन. ४५,००० लिटरमध्ये तो १ पीपीएमसुद्धा भरत नाही. आणि सायन्युरिक ॲसिड नसलेल्या पाण्यातला क्लोरीन आपल्या मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन तासांत जवळजवळ सगळा मोडतो. मशीन बनवतं ते ऊन खाऊन टाकतं, शेवाळाच्या वाट्याला काही उरतच नाही.

आधी पाणी स्वच्छ करा. सेलच्या भरवशावर हिरवं पाणी साफ होत नाही, त्याची ताकद रोजचा क्लोरीन राखण्यापुरती आहे. १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट साधारण साडेचार लिटर टाकलं की १० पीपीएम वाढतो. संध्याकाळी टाका. कॅन घेताना तारीख पाहा. दुकानाबाहेर उन्हात ठेवलेल्या कॅनमधला क्लोरीन आपल्या उन्हाळ्यात झपाट्याने उतरतो. ब्लीचिंग पावडर नको, तिच्यात कॅल्शियम असतं आणि तुमच्याकडे ते आधीच भरपूर आहे. भिंती नायलॉनच्या ब्रशने रोज घासा, शेवाळाचा बुळबुळीत थर फाटल्याशिवाय क्लोरीन आत पोहोचत नाही.

झालं का ते कसं कळेल? सूर्य मावळल्यावर मशीन बंद करून क्लोरीन मोजा, पहाटे उजाडायच्या आत पुन्हा मोजा. रात्रीतून १ पीपीएमपेक्षा जास्त घटला तर अजून काहीतरी सेंद्रिय शिल्लक आहे. घट त्याहून कमी आली की पाणी साफ.

मग सायन्युरिक ॲसिड. ६० पीपीएमसाठी २.७ किलो. गोळ्या वापरल्या असतील तर त्यांनी आलेलं वजा करून. जुन्या सुती मोज्यात भरून पाणी जिथून पुलात परत येतं तिथे टांगा, हाताने दाबत राहा. विरघळायला वेळ घेतं, किटवर दिसायला आठवडा लागतो, म्हणून घाईने दुसरा डोस देऊ नका. पंप १० तास करा, मशीन शंभर टक्क्यांवर. २०० ग्रॅम म्हणजे दिवसाला साडेचार पीपीएमच्या आसपास, उन्हाळ्यात एवढं हवंच. थंडी पडली की दोन्ही कमी करा. पाणी १५ अंशांकडे जाऊ लागलं की मशीन मंदावतं, पण तेव्हा क्लोरीनची गरजही फार नसते.

धरमपेठची_रसायनवाली

सेल पुन्हा भरू नये यासाठी खरं लक्ष कुठे द्यायचं ते सांगते, कारण एवढं करूनही पाण्याची जात तीच राहिली तर दिवाळीपर्यंत परत तेच होईल.

तुमच्या पुलाचं क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर. लू वाहत असताना दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं, म्हणजे ३२० लिटर. तेवढं बोअरचं पाणी तुम्ही रोज भरता. त्यातून दिवसाला दीडशे ग्रॅमच्या वर कठीणपणा पुलात येतो आणि तिथेच राहतो. महिन्याला हार्डनेस शंभर पीपीएमने चढतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेसची मर्यादा २०० आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. तुमचा पूल त्याच्याही पुढे गेलाय.

म्हणून भर घालायला जमेल तेव्हा नळाचं किंवा सॉफ्टनरचं पाणी वापरा, रात्री पुलावर कव्हर टाका, आणि पावसाळ्यात गच्चीचं पाणी पहिल्या एक-दोन सरी सोडून गाळून पुलात घ्या. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं.

दरम्यान पीएच ७.४ ते ७.६ मध्ये ठेवा आणि अल्कलिनिटी ७०-८० पर्यंत उतरवा. थोडं थोडं ॲसिड, पंप चालू असताना, खोल भागात, एका वेळी थोडंच. मीठवाल्या पुलात पीएच चढत राहणारच, अल्कलिनिटी कमी असली की चढण्याचा वेग मंदावतो. हार्डनेस ६०० असूनही एवढं सांभाळलं तर थर बसायचा वेग बराच कमी होतो.

काटोलचा_बागाईतदार

इथे कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. बॅकवॉशचं पाणी कुठे सोडता? अंगणात संत्रा, लिंबू, मोसंबी असेल तर त्यांच्या आळ्यात चुकूनही जाऊ देऊ नका. संत्र्याला मीठ अजिबात सोसत नाही. आधी पानांची टोकं करपतात, मग पानगळ होते, आणि आपल्या काळ्या मातीत सोडियम बसला की जमीन चिबड होते, पाणी मुरत नाही. झाड मरायला वेळ लागतो म्हणून कारण लक्षात येत नाही.

बेसाकर

काटोलकर काका, बरं झालं सांगितलंत. पाइप थेट लिंबाच्या आळ्याकडे काढलेला होता आणि त्या लिंबाची पानं खरंच टोकाला तपकिरी आहेत. आजच पाइप वळवून नालीला जोडला. झाडाला आता काय करू?

काटोलचा_बागाईतदार

आळ्याला गोड पाणी भरपूर द्या, पाण्याचा निचरा होईल असा चर काढा. माती तपासून सोडियम जास्त निघाला तर जिप्सम टाका, किती ते तपासणीवरून. खत सध्या बंद ठेवा. नवीन फुटवा हिरवा आला तर झाड वाचलं समजा.

बेसाकर

कळवायचं राहिलं होतं. पाणी आता तळापर्यंत स्वच्छ दिसतं. रात्रीच्या चाचणीत घट अर्ध्या पीपीएमवर आली. सायन्युरिक ॲसिड ५० च्या आसपास आलंय, क्लोरीन संध्याकाळीही ३ राहतो. पीएच दर दोन-तीन दिवसांनी ७.८ होतो, मग थोडं ॲसिड घालतो. बहिणीची मुलं पोहून राहिली आहेत, पाण्याबाहेर काढायला जेवणाचं आमिष दाखवावं लागतं.

शेवटचे दोन प्रश्न. या प्लेटा अजून किती काळ चालतील? आणि पावसाळ्यात मिठाचं काय करायचं?

तारवाला

चांगल्या सेलचं आयुष्य साधारण ३ ते ७ वर्षं धरतात. ओळखायचं कसं? प्लेटा स्वच्छ, मीठ पट्टीवर बरोबर, पाणी गार नाही, आणि तरी पॅनल मीठ कमी दाखवते, तेव्हा मुलामा गेला समजा. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा असेल तर आजच करंट मोजून पॅनलच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा, दोन्ही ध्रुवांचा. पुढच्या वर्षी तुलना करायला कामी येते. एका दिशेने बरोबर आणि उलट्या दिशेने कमी आला तर सेल उतरणीला लागला.

खडेमीठ

पावसाळ्यात पूल काठोकाठ असताना १०० मिलिमीटर पाऊस झाला तर तुमच्या पुलात ३,२०० लिटर गोडं पाणी पडतं आणि जवळपास तेवढंच खारं वाहून जातं. मीठ साधारण सात टक्क्यांनी उतरतं, सायन्युरिक ॲसिडही तेवढंच. आपल्याकडे हंगामात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणून सप्टेंबरअखेर तुमच्या पुलात खरोखर मीठ कमी असेल. मधेमधे टाकत बसू नका, वाहून जाईल. मशीन फारच कुरकुरलं तरच थोडं घाला.

पाऊस सरला की पट्टीने मोजा, पॅनलवर जाऊ नका. ५०० पीपीएम वाढवायला साडेबावीस किलो लागतं. सॉफ्टनरचं शुद्ध मीठ घ्या, आयोडीनवालं खाण्याचं नको. गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात जे मिसळतात त्याने प्लास्टरवर डाग पडू शकतात. हिशेबात येईल त्याच्या निम्मं उथळ भागात पसरून टाका, ब्रशने ढवळा, मशीन बंद ठेवून पंप एक दिवस चालवा, पुन्हा मोजा आणि मग उरलेलं टाका.